स्टँड मिक्सरला कोणत्या अटॅचमेंट घ्यायच्या आणि कोणत्या दुकानातच राहू द्यायच्या

लातूर, परभणी, संभाजीनगर, सगळीकडं आता घरोघरी स्टँड मिक्सर दिसायलेत. कोणी केकच्या ऑर्डर घ्यायला आणला, कोणाला मुलानं वाढदिवसाला दिला, कोणी सेलमध्ये दिसला म्हणून घेतला. आणि मशीन आलं की आठ दिवसांत पुढचा प्रश्न, की याला अजून काय काय लावता येतं आणि त्यातलं मी काय घेऊ. मी स्वतः हे मशीन बरीच वर्षं वापरते, ऑर्डरीही करते, आणि ओळखीतल्या बायका मला फोटो पाठवून हेच विचारत असतात म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून काढावं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कॅटलॉग बघून अटॅचमेंट घ्यायची नाही, आपल्या घरात वर्षभर काय शिजतं ते बघून घ्यायची. परदेशी व्हिडिओत ती बाई ताजा पास्ता करते आणि ते बघून आपल्यालाही वाटतं आपणही करू, पण आपल्याकडं रोज सकाळी ज्वारीची भाकरी आहे, सणाला पुरणपोळी आहे, उन्हाळ्यात आमरस आहे, दिवाळीला करंज्या शंकरपाळे आहेत. त्या यादीला जे लागू पडतं तेवढंच घ्या.

आणि हो, इथं बोलणं चाललंय ते बाउलवर डोकं असलेल्या, पीठ मळणाऱ्या मशीनबद्दल, चटणी वाटायच्या मिक्सरबद्दल नाही.

सुरू करण्याआधी हे जवळ घेऊन बसा

- मशीनच्या बुडाला किंवा मागं चिकटवलेल्या पट्टीचा स्पष्ट फोटो, त्यावर मॉडेल नंबर, सिरीयल नंबर, व्होल्टेज सगळं असतं
- खरेदीचं बिल आणि वॉरंटी कार्ड
- माहितीपुस्तिका, हरवली असेल तर कंपनीच्या साईटवरून मॉडेल नंबर टाकून काढून घ्या
- मोजायची टेप, ओट्याच्या वरची मांडणी किती उंचीवर आहे ते मोजायला
- किचनचा वजनकाटा
- स्क्रू ड्रायव्हर आणि एक रुपयाचं नाणं (कशाला ते चौथ्या पायरीत)

१. आधी मशीनला तोंड आहे का ते बघा

सगळ्यात जास्त पैसे इथंच वाया जातात. स्टँड मिक्सर दोन प्रकारचे येतात. एकात निस्ती खालची जागा असते जिथं फेटणी आणि हुक लागतात. दुसऱ्यात त्याशिवाय डोक्याच्या पुढं किंवा वर एक झाकण असतं, ते काढलं की आत मोटरला जोडलेलं तोंड दिसतं, त्याला हब म्हणतात. खिमा करायचा ग्राइंडर, रोलर, किसणी, चक्की हे सगळं त्या हबवरच बसतं. तुमच्या मशीनला हब नसेल तर ही चर्चा तुमच्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या-चौथ्या पायरीपुरतीच आहे, त्यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही कारण खरं काम तिथंच होतं. पाच-सात हजारांच्या आसपास मिळणाऱ्या बऱ्याच मशीनला हब नसतो किंवा असला तरी त्याला लागणाऱ्या वस्तू वेगळ्या विकत मिळतच नाहीत.

हब असला तरी प्रत्येक कंपनीचा वेगळा. किचनएडचा पुढचा हब कित्येक दशकं तोच आहे, त्यामुळं जुन्या मशीनचा ग्राइंडर नव्या मशीनवरही चालतो. केनवूडमध्ये हळू फिरणाऱ्या वस्तूंचं तोंड वेगळं आणि जोरात फिरणाऱ्या ब्लेंडर वगैरेचं वेगळं, शिवाय हळू फिरणाऱ्यात जुनी पट्टीची पद्धत आणि नवी फिरवून बसवायची पद्धत असे दोन प्रकार आहेत, मधे अडॅप्टर लागतो. बॉशच्या मम-४ (MUM4) मशीनचे भाग मम-५ (MUM5) ला बसतील असं धरून चालू नका. ऑनलाईन 'सर्व मशीनला चालते' असं लिहिलेलं असेल तर सरळ पुढं जा.

खालच्या जागेचंही तसंच आहे. डोकं मागं वळणारं मशीन आणि बाउल वर उचलणारं मशीन यांच्या फेटण्या एकमेकांना लागत नाहीत, कंपनी एकच असली तरी. म्हणून लिटर बघून ऑर्डर करायची नाही, मॉडेल नंबर बघून करायची.

२. डब्यात आलेल्या तिघी आधी नीट वापरा

बहुतेक मशीनसोबत तीन गोष्टी येतातच. चपटी फेटणी म्हणजे फ्लॅट बीटर, तारांची फेटणी म्हणजे व्हिस्क, आणि कणकेचा हुक. ऐंशी टक्के बायका तीन महिने झाले तरी चपटी फेटणी केकलाच वापरतात, हुक एकदा वापरून कपाटात, आणि मग म्हणतात अजून काही घेऊ का. आधी या तिघींकडून काम करून घ्या.

हुक. गव्हाच्या आणि मैद्याच्या पिठासाठी. ब्रेड, पाव, नान, भटुरे, आणि आपल्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुरणपोळीची कणीक. ती सैल लागते आणि तेल लावून भरपूर तिंबावी लागते, होळीला नाहीतर पोळ्याला वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक असला की हात भरून येतात. इथं हुक खरा कामाला येतो. पीठ पाणी मीठ एकत्र करून आधी अर्धा तास झाकून ठेवा, मग हुक लावून दोन नंबरच्या स्पीडवर सात-आठ मिनिटं, मधेमधे थोडं थोडं तेल. दोनच्या वर जायचं नाही. पीठ मळायला जोराचा स्पीड लागत नाही, जोरात फिरवलं की मशीन ओट्यावर चालायला लागतं आणि गिअरवर ताण येतो. कडप्प्याचा ओटा गुळगुळीत असतो म्हणून खाली रबरी मॅट टाकाच, नाहीतर ओलं फडकं पिळून अंथरा.

पीठ हुकवर चढत जाऊन वर मानेला चिकटतं, ते चढणारच. बंद करा, खाली ओढा, परत चालू करा. चालू मशीनमध्ये बोट घालायचं नाही, एवढं वाक्य घरातल्या लेकरांनाही पाठ करून घ्या.

माहितीपुस्तिकेत पिठाचं जे प्रमाण लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा मैद्याचं असतं. आपली कणीक कोंड्यासकट असते, पाणी जास्त पिते आणि जड होते, म्हणून त्या आकड्याच्या निम्म्यावर थांबा, फार तर पाऊण. आणि उलटं पण आहे, चार माणसांच्या पोळ्यांपुरतं दोन वाट्या पीठ मोठ्या बाउलमध्ये हुकला सापडतच नाही, निस्तं कडेनं फिरत राहतं. तेवढं परातीत हातानं मळून होतं, मशीन धुण्यात जेवढा वेळ जाईल त्याच्या आत.

आता भाकरीचं. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो, ग्लुटेन नाही त्यात, त्यामुळं हुकनं कितीही फिरवलं तरी ते जाळं तयार होत नाही, पीठ फुटतच राहतं. भाकरीला बांधतं ते गरम पाणी आणि तळहाताचा दाब. दहा-बारा भाकरींचं पीठ एकदम उकळत्या पाण्यात मिसळायचं असेल तर चपटी फेटणी लावून एक नंबरवर तेवढं मिसळून घ्या, हात भाजत नाही हा एक फायदा, पण नंतर एकेका भाकरीचा गोळा हातानंच मळायचा. आणि दळण जुनं होऊन पिठाची विरी गेली असेल तर कुठलंच मशीन ती परत आणत नाही. बाजरीचंही हेच. धपाट्यात कांदा, दही, बेसन, थोडी कणीक असते म्हणून ते चपट्या फेटणीनं छान एकजीव होतं, पण दोन मिनिटांच्या वर नको, कांद्याला पाणी सुटून पीठ पातळ होतं आणि मग थापताना फडक्याला चिकटतं.

चपटी फेटणी. हिला मी घरातली थोरली सून म्हणते, सगळं तिच्याच अंगावर पडतं. केक, नानकटाईचं तूप-साखर फेसणं, बिस्किटांचं पीठ, उकडलेले बटाटे कुस्करणं, बेसन लाडवात साखर मिसळणं, अनारशाचं पीठ. शिजवलेली हरभऱ्याची डाळ गुळासोबत आटवून गरम असताना हिनं फिरवली तर बरीच मोडते, पण फेटणी आणि बाउलच्या तळात थोडी जागा राहतेच, तिथं अख्खे दाणे शिल्लक राहतात आणि एक दाणा पोळी फोडायला पुरेसा असतो. तेव्हा हिच्या भरवशावर पुरणयंत्र कोणाला देऊन टाकू नका.

सीताफळाचा गर काढायला पण हीच. बीडकडून सीताफळं आली की बिया काढत बसणं नको होतं, तर गर चमच्यानं काढून बाउलमध्ये टाका आणि सगळ्यात हळू स्पीडवर थोडा वेळ फिरवा, बिया सुट्या होतात, मग मोठ्या भोकाच्या चाळणीतून गाळा. स्पीड वाढवायचा नाही, सीताफळाची बी फुटली तर गर कडू होतो आणि ती बी पोटात जायच्या लायकीची नाही.

तारांची फेटणी. क्रीम आणि अंडी, हे सगळ्यांना माहिती असतं. पण आपल्या घरात तिचं रोजचं काम आहे सायीचं लोणी. विरजण लावलेली साय फ्रिजमधून थंडगार काढायची, बाउल तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरायचा नाही, मधल्या स्पीडवर लावायचं. आधी फुगते, मग घट्ट होते, मग एकदम आवाज बदलतो आणि ताक उडायला लागतं. त्या क्षणाला स्पीड पूर्ण कमी करायचा, नाहीतर भिंत पुसत बसा. लोणी सुटायला लागलं की तारांची काढून चपटी लावा, कारण तारांच्या आत अडकलेलं लोणी काढणं म्हणजे वेगळंच काम. बर्फाचे खडे टाकू नका, तारा वाकतात, बर्फाचं गार पाणी टाका.

तसंच फ्रिजमधून काढलेलं कडक बटर किंवा बिस्किटाचं पीठ या फेटणीनं कधीच करायचं नाही. आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळीसच्या वर असताना क्रीम फेटायचं असेल तर बाउल आणि फेटणी दोन्ही अर्धा तास फ्रिजमध्ये, काम सकाळी लवकर उरकून घ्या.

३. धातू कोणता ते बघा, कारण आपलं पाणी बोअरचं आहे

चकचकीत दिसणारी फेटणी स्टीलचीच असते असं नाही. बऱ्याच मशीनसोबत पॉलिश केलेल्या ॲल्युमिनियमच्या येतात. त्या डिशवॉशरमध्ये घातल्या किंवा आपल्या जड पाण्यात रात्रभर भिजत ठेवल्या की काळ्या पडतात, आणि मग पांढऱ्या क्रीममध्ये राखाडी रेघा दिसतात. हातानं लगेच धुवायच्या, लगेच कोरड्या करायच्या. पांढरं कोटिंग असलेल्या चांगल्या, पण कुठं आपटून टवका उडाला तर ती फेटणी बाद, तो टवका पुढं खाण्यातच जाणार. पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च इथं करा, चपटी फेटणी आणि हुक स्टीलचे घ्या, पण कंपनीचेच आणि आपल्याच मॉडेलचे.

कडेला रबर लावलेली फेटणीही मिळते, ती बाउलची कड स्वतःच खरवडते. केक करणाऱ्यांना ती घेतल्याचं समाधान मिळतं. कणकेला वापरायची नाही, रबर निघतं.

४. रुपयाची परीक्षा

नवीन फेटणी घेण्याआधी जुनी बरोबर उंचीवर आहे का बघा. 'तळाला पीठ तसंच राहतंय, नवीन फेटणी कोणती घेऊ' असं विचारणाऱ्या दहातल्या निम्म्या जणींना फेटणी नाही, स्क्रू ड्रायव्हर लागतो.

रिकाम्या बाउलमध्ये एक रुपयाचं नाणं टाका, चपटी फेटणी लावा, सगळ्यात हळू स्पीड. फेटणीनं नाणं दर फेरीला थोडं थोडं पुढं सरकवायला पाहिजे. नाणं हलतच नाही म्हणजे फेटणी उंच राहिली, नाणं गरगर फिरतंय किंवा खडखड आवाज येतोय म्हणजे ती तळाला घासतीय. डोकं वळणाऱ्या किचनएड प्रकारच्या मशीनमध्ये मानेच्या सांध्यात एक स्क्रू असतो, प्लग काढून तो अगदी थोडा फिरवायचा, उजवीकडं फिरवला की फेटणी खाली, डावीकडं फिरवला की वर. पाव फेरा फिरवा, परत नाणं टाकून बघा. काही केनवूडमध्ये फेटणीच्याच दांड्यावर नट असतो. तुमच्यात कुठं आहे ते पुस्तिकेत सापडेल.

५. आता हबवरच्या वस्तू, एकेक करून

कागद घ्या आणि वर्षाचं लिहून काढा, कोणत्या सणाला काय, किती माणसांचं. मग खालचं वाचा.

रोलर, म्हणजे लाटी पातळ करायचा. पास्त्याच्या नावानं विकतात पण आपल्या कामाचा आहे. करंजीची पारी, शंकरपाळे, चंपाकळी, सगळं एकसारख्या जाडीचं येतं. पीठ घट्ट भिजवा, झाकून ठेवा, हातानं चपटं करून सगळ्यात जाड नंबरवरून काढा, घडी घालून तीन-चार वेळा परत काढा म्हणजे पीठ गुळगुळीत होतं, मग एकेक नंबर बारीक करत जा. किचनएडमध्ये एक नंबर जाड आणि आठ सगळ्यात पातळ, करंजीला चार-पाचवर थांबते मी. पुढं पारी तळताना फुटते.

आता धोका. रोलर पाण्यानं धुवायचा नाही. नळाखाली नाही, ओल्या फडक्यानं आतून नाही, डिशवॉशर तर नाहीच. आत पाणी गेलं की गंज आणि अडकलेली खळ. अर्धा तास तसाच वाळू द्या आणि ब्रशनं झटका, अडकलेलं काडीनं काढा, सुरी घालू नका. दिवाळीत मदतीला आलेल्या जावेला हे आधी सांगून ठेवा, कारण ती बिचारी चांगल्या मनानं घासायला घेऊन बसते. उडदाच्या पापडाचं पीठ यात घालू नका, फार कडक असतं.

आणि वर्षातून एकदाच दिवाळीला लागणार असेल तर हातानं फिरवायचं रोलर मशीन खूप स्वस्तात मिळतं, ते घ्या.

कापणी, शेवयांसाठी. रोलरसोबत येते. तिच्यातून जाड पट्ट्या निघतात. बाजेला बांधून फिरवायच्या मशीनवरच्या किंवा हातावरच्या शेवयांची बरोबरी नाही. शेवयांसाठी म्हणून घेऊ नका.

साच्यातून दाबून काढायची, पास्ता प्रेस. लई जणी विचारतात, हिच्यानं शेव चकली होईल का. बघा, शेव कढईवर धरून सरळ उकळत्या तेलात सोडायची असते. हे मशीन ओट्यावर एका जागी बसलेलं, ते कढईवर कसं नेणार? आणि जाळ्या मॅकरोनी-स्पॅगेटीच्या असतात, चकलीची चांदणी त्यात नसते. सोऱ्याच बरा. कुरडयांना तर गव्हाचा चीक गरम गरम घालावा लागतो, तिथंही सोऱ्याच.

ग्राइंडर. खिमा, कबाब करणाऱ्या घरात डोळे झाकून घ्या, संभाजीनगरच्या माझ्या दोन मैत्रिणी रमजानात त्याच्यावरच असतात. मटण अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवून पट्ट्या कापायच्या म्हणजे सरळ कापला जातो. पातं बसवताना धार जाळीकडं पाहिजे. उलटं बसलं तर खिम्याऐवजी लगदा निघतो आणि माणूस मशीनला शिव्या देतो.

शाकाहारी घरातही हा चालतो. बारीक जाळी लावून पुरण काढा, कोमट असताना, कारण थंड झालं की घट्ट होतं. धातूचा ग्राइंडर असेल तर बरं. भिजवलेली हरभऱ्याची डाळ वड्यांसाठी भरड निघते. पण फक्त पुरणासाठी घ्यायचा का? घरी आठ-दहा माणसं आणि वर्षात चार-पाच वेळा पुरण असेल तर घ्या, नाहीतर पुरणयंत्र आहेच. आणि ज्या घरात दोन्ही चालतं पण भांडी वेगळी असतात, तिथं एकच ग्राइंडर दोन्हीला वापरायचा का ते ऑर्डरच्या आधी सासूबाईंना विचारा, नंतर नाही.

रस गाळायची गाळणी. बऱ्याचदा ग्राइंडरवरच बसते, म्हणजे ग्राइंडर आधी लागतो, हे लिहिलेलं नीट वाचा. एका बाजूनं रस, दुसऱ्या बाजूनं साल-बिया. थंडीत टोमॅटो मातीमोल होतात तेव्हा वर्षाची प्युरी करून ठेवणाऱ्यांना एकदम मस्त. आमरसाचं म्हणाल तर केशरला दोरे फार नसतात, त्याचा रस साध्या भांड्यातही होतो. पण शेतातला गावरान आंबा, तो दोरेवाला, पाटीभर पिकला की ही गाळणी पैसे वसूल करते. कोय काढूनच घालायची. सीताफळ यात नको, बिया भरडल्या जातात.

किसणी आणि काप करायची. गाजर हलवा, दुधी, कोबी. ऑर्डरीचं काम असेल तर घ्या. दोन माणसांच्या घरी चार गाजरांसाठी हे सगळं जोडून, वापरून, पाच भाग धुवून परत ठेवणं कोणी दुसऱ्यांदा करत नाही.

चक्की. घेऊ नका. म्हणजे वस्तू वाईट नाही, ज्वारी, गहू, तांदूळ, बाजरी सगळं दळते, पण किचनएडच्या चक्कीत एका दमात साधारण सव्वा किलोच्या वर दळू नये असं सांगतात, त्यानंतर मशीन थंड होऊ द्यायचं. आपल्याकडं आठवड्याचं दळण किती ते आठवा. कोपऱ्यावरची गिरणी पाच मिनिटांत देते, तेही भाकरीला लागतं तसं बारीक. शिवाय शेंगदाणे, तीळ, जवस, कारळं असलं तेलाचं काही यात चालत नाही, चक्की जाम होते, म्हणजे चटण्यांना उपयोग शून्य. ज्यांना डॉक्टरांनी गहू बंद केलाय आणि गिरणीत गव्हाचं पीठ मिसळलेलं चालत नाही, त्यांनी मात्र जरूर विचार करावा.

मोसंबी पिळायची. जालन्याला राहत असाल आणि घरची बाग असेल तर. बाकीच्यांना हातानं पिळायचं यंत्र पुरतं.

आइस्क्रीमचा बाउल. हा दुहेरी भिंतीचा असतो, आत एक द्रव भरलेला, तो आधी फ्रीजरमध्ये गोठवावा लागतो, किचनएडच्या बाउलला किमान पंधरा तास. आता आपल्याकडं मे महिन्यात सलग पंधरा तास लाईट असणं आणि फ्रीजरचं दार कोणी न उघडणं, दोन्ही जमेल का ते बघा. दुसरं, एवढा मोठा गोल बाउल एक दरवाजाच्या फ्रिजच्या वरच्या खणात मावत नाही, आधी टेप लावून मोजा. इन्व्हर्टरवर फ्रिज चालणारी मंडळी आणि वेगळा डीप फ्रीजर असलेल्यांनी घ्या, सीताफळाचं आणि केशरचं आइस्क्रीम फार सुंदर होतं, त्यात वाद नाही.

सगळं मिळून सांगायचं तर केक करणारीला स्टीलची चपटी, कडेला रबरवाली आणि एक जास्तीचा बाउल. मोठ्या घराला ग्राइंडर किंवा रोलर, दोन्हीतलं एक. बाकीच्यांना सध्या काहीच नाही. जास्तीचा बाउल ही कोणी न सुचवणारी वस्तू आहे. एकात अंड्याचा पांढरा भाग आणि दुसऱ्यात बाकीचं, मधे धुणं पुसणं नाही.

६. अमेरिकेतून कोणी येणार असेल तर

भाचा, दीर, मैत्रिणीची मुलगी, कोणीतरी येतंच, आणि तिकडं स्वस्त मिळतं म्हणतात. मशीन मागवू नका. तिकडं १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आपल्याकडं २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला तरी तो फक्त व्होल्टेज बदलतो, हर्ट्झ तेच राहतात, आणि तिकडच्या मशीनची वॉरंटी इकडं धरत नाहीत. पण हबवर बसणाऱ्या अटॅचमेंटमध्ये वीज नसतेच, निस्ते गिअर आणि पाती. किचनएडचा ग्राइंडर किंवा रोलर तिकडून आणला तर इकडच्या किचनएडवर बसतो. खालच्या फेटण्या मागवताना मात्र मॉडेल नंबर पाठवा.

७. लाईटचा बंदोबस्त

हबवर काही जड लावण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. मशीनचं अंग धातूचं असतं, ओले हात लागतात, आणि जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असलं तरी तिसऱ्या भोकाला वायर जोडलेली असेलच असं नाही. हात लावला की झिणझिण्या येत असतील तर तसंच वापरू नका.

मळता मळता लाईट गेली तर पहिलं बटन बंद करा, मग प्लग. कारण लाईट परत येते तेव्हा काही मशीन आपोआप सुरू होतात आणि तोपर्यंत आपण पीठ बघायला हात आत घातलेला असतो. संध्याकाळी व्होल्टेज पडत असेल, पंखा हळू होत असेल, तर त्या वेळी कणीक किंवा खिमा लावायचा नाही.

वॅटच्या आकड्याला भुलू नका. हजार-बाराशे वॅट लिहिलेलं मशीन तीनशे वॅटवाल्यापेक्षा ग्राइंडर जास्त चांगला ओढेल असं नसतं, वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं ते, ताकद गिअर कसे आहेत आणि धातूचे की प्लॅस्टिकचे यावर असते.

८. ऑर्डर आणि पार्सल

सर्व्हिस सेंटर आपल्या पिनकोडला येतं का हे कंपनीच्या नंबरवर फोन करून विचारा, दुकानदाराला नाही. बऱ्याचदा उत्तर पुणे किंवा संभाजीनगर असतं, मग नेण्या-आणण्याचा खर्च कोणाचा तेही विचारून घ्या. बिल जीएसटीचं, मॉडेल नंबर लिहिलेलं. दुसऱ्या कंपनीची स्वस्त अटॅचमेंट लावून मशीन बिघडलं तर वॉरंटीत अडचण येते, त्यामुळं मशीन नवं आहे तोवर तरी ते टाळा.

पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. मग त्याच दिवशी, सणाची वाट न बघता, लावून बघा. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेला रोलर संक्रांतीला उघडला आणि खाच बसत नाही असं कळलं तर परत करायची मुदत कधीच संपलेली असते. हबचा स्क्रू सैल करा, अटॅचमेंट हलवत हलवत आत घाला, दांडा खाचेत बसल्याचं हाताला कळतं, स्क्रू आवळा, रिकामं चालवून बघा. ग्राइंडर मात्र काही न घालता जास्त वेळ फिरवायचा नाही, पातं आणि जाळी एकमेकांवर घासतात. पहिल्यांदा कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा, रोलर आणि चक्की सोडून.

९. उन्हाळ्यात तेल टपकलं तर

हा फोन मला दर मे महिन्यात येतो. डोक्याच्या खालून, फेटणी लागते तिथून, पिवळट तेल बाउलमध्ये पडतं आणि माणूस घाबरतो. मशीनच्या आत ग्रीस असतं, बरेच दिवस वापरलं नाही आणि गरमी पडली की त्यातलं तेल वेगळं होऊन खाली येतं. पुसून घ्या, बाउल काढून मोठ्या स्पीडवर दोन मिनिटं रिकामं फिरवा, आणि पुढं आठवड्यातून एकदा तरी असं फिरवत जा. तरीही टपकतच राहिलं तर आतलं ग्रीस बदलायची वेळ झालीय, सर्व्हिसवाल्याला खाण्याच्या मशीनचं ग्रीसच टाकायला सांगा, नाहीतर कोणी गाडीचं घालून देतं. तोवर केकच्या ऑर्डरी घेऊ नका.